नमस्कार न मागणारी शिल्पं

नाशिकमध्ये शिल्प म्हटलं की आधी चौथरा डोळ्यांपुढे येतो आणि चित्र म्हटलं की गोदाघाट. चौथऱ्यावर थोर पुरुष उभे असतात. जयंतीला शिडी लागते, हार चढतो, फोटो निघतात. घाट असतो जलरंगात: सकाळचं कोवळं ऊन, नारोशंकराच्या देवळाचं पाण्यात हलणारं प्रतिबिंब, पायऱ्यांवर वाळत घातलेली लुगडी, आणि माणसं म्हणजे ब्रशच्या टोकानं टेकवलेले चार ठिपके. पहिल्या प्रकाराला आपला नमस्कार हवा असतो. दुसऱ्याला काहीच नको असतं. दिवाणखान्यातल्या पडद्यांशी रंग जुळला की त्याचं काम झालं. या दोहोंच्या मध्ये मोठी जागा आहे. तिथे माणसं काहीतरी करत असतात, त्यांच्यात काहीतरी घडत असतं, आणि नेमकं काय ते पाहणाऱ्यानं जुळवायचं असतं. ही जागा आपल्या शहरानं जवळजवळ पडीक ठेवली आहे. सिंहस्थ तोंडावर आलाय, सुशोभीकरणाच्या नावाखाली भिंती रंगतील, चौक सजतील, पैसा खर्च होईल. तो पुन्हा चौथरे आणि घाट यांवरच जाणार का, हा प्रश्न चित्रकारांनी आपापसात चघळण्याचा नाही. पैसा आपला आहे.

हे सगळं डोक्यात घोळायला लागलं ते गंगापूर रोडच्या बाजूला एका छोट्या दालनात लागलेल्या प्रदर्शनामुळे. एक चित्रकार, एक शिल्पकार. दोघंही माणसांच्या गोष्टी सांगणारे. नावं मुद्दाम देत नाही. हे परीक्षण नव्हे, आणि नावं दिली की आपल्याकडे चर्चा ताबडतोब ‘तो कुणाचा विद्यार्थी’ या वळणावर जाते.

तिथला एक मोठा कॅनव्हास लग्नाच्या लॉन्सचा होता. नाशिकच्या बाहेर पडणाऱ्या कुठल्याही रस्त्यावर दिसतात तसलं लॉन्स: वर पांढरे-गुलाबी पडदे, स्टेजवर सिंहासनासारख्या दोन खुर्च्या, फुलांची कमान. पण नवरानवरी चित्राच्या डाव्या कोपऱ्यात, अंगठ्याएवढी. चित्राचा बराच भाग व्यापलाय तो मंडपाच्या मागच्या अंगणानं, जिथे पातेली घासली जातात आणि गॅसच्या टाक्या ओळीनं ठेवलेल्या असतात. नवरीचा बाप या एकाच चित्रात तीनदा आहे. एकदा फेटा बांधून दारात हात जोडून. एकदा केटररपुढे नोटा मोजताना, फेटा काखेत. आणि एकदा रचून ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांना टेकून, फेटा नाही, चपला नाहीत, हातात पाण्याची बाटली आणि नजर कुठेच नाही. तिघांच्या मध्ये ना चौकट ना रेघ. डोळा आपोआप एकाकडून दुसऱ्याकडे सरकतो आणि संध्याकाळ पुढे सरकते.

त्याच खोलीत, या चित्राकडे पाठ करून, जमिनीवरच ठेवलेलं शिल्प. वाढपी पोरगा, सतरा-अठरा वर्षांचा, उंची जेमतेम अडीच फूट, फायबरमध्ये कास्ट केलेला, मातकट रंगाचा. लॉन्सवर वाढप्यांना घालायला देतात तो झब्बेदार कोट त्याच्या अंगात आहे. समोरून पाहिलं तर ऐटीत उभा, खांद्यावर ट्रे, हनुवटी वर. फिरून मागे जावं तर कोट त्याच्या मापाचा नाहीच. पाठीवर चिमटे लावून आवळून घेतलाय. कपडे वाळत घालायचे साधे लोखंडी चिमटे, आणि ते खरेच आहेत, फायबरचे नाहीत. एकाचा गंज खालच्या चुणीवर उतरलाय. बरं, हा पोरगा चित्रात कुठेच नाही. चित्रात पोळ्या लाटणाऱ्या बाया आहेत, भांडीवाल्या आहेत, कुत्रंसुद्धा आहे. चिमटे पाहून पुन्हा चित्राकडे वळल्यावर मात्र आपण त्याला शोधायला लागतो. तो सापडत नाही, म्हणून चित्र पहिल्यापेक्षा जास्त वेळ पाहिलं जातं. दोन कला एका खोलीत ठेवण्याचं सबळ कारण मला तिथे मिळालं.

मी तिथे असताना एक बाई मुलीला घेऊन आल्या. त्यांनी दालनातल्या पोराला विचारलं, “दादा, हे कोण?”

“कोणी नाही ताई, वाढपी आहे.”

“मग पुतळा कशाला केला?”

प्रश्न भाबडा नाही. चौथऱ्यांवर वाढलेल्या कुणालाही हाच प्रश्न पडणार. शिल्प म्हणजे ‘कोण’ याचं उत्तर, हे आपल्या अंगवळणी पडलंय. पाटीवर नाव, खाली जन्म-मृत्यूची सालं, आणि अनावरण कुणाच्या हस्ते झालं ते त्याहून मोठ्या अक्षरात. त्या बाईंची मुलगी मात्र तोवर मागे जाऊन चिमटे मोजत होती.

आपल्याकडे सार्वजनिक जागी पुतळा बसवायचा तर मातीच्या नमुन्याला, म्हणजे क्ले मॉडेलला, कला संचालनालयाची मान्यता लागते. नियम चांगला आहे. तो नसता तर काय काय उभं राहिलं असतं याची कल्पनाही करवत नाही. पण त्या टप्प्यावर आणि नंतर चावडीवर बोललं जातं ते एवढंच: चेहरा जुळतो का, उंची किती, ब्राँझ की फायबर. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा ३५ फुटी पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. त्यानंतर महाराष्ट्र महिनाभर नटबोल्ट, गंज, वारा आणि कंत्राट यांवर बोलत होता. बोलायलाच हवं होतं. पण इतकी मोठी शिल्पं आपण का करतो, ती पाहणाऱ्याशी काय करतात, याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आणि नंतर त्या जागी जो पुतळा आला तो आधीच्यापेक्षा कितीतरी उंच.

थोरांचे पुतळे नकोत असं मी म्हणत नाही, कुणी तसं वाचूही नये. ज्यांच्या आज्या-पणज्यांना देवळाच्या दारात अडवलं गेलं, त्यांना बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढे उभं राहून जे वाटतं ते कलासमीक्षेच्या मोजपट्टीत बसणारं नाही. माझी तक्रार वेगळी आहे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि पुढे काही वर्षं चालला. तो या शहरात घडला, या गल्ल्यांत. हजारो माणसं होती, बायका होत्या, बंद दरवाजे होते, दरवाजांपुढे बसलेल्या तुकड्या होत्या, रामनवमीच्या रथावरून झालेली झटापट होती, दादासाहेब गायकवाडांसारखे गावोगावचे लोक गोळा करणारे कार्यकर्ते होते. हे सगळं एका उभ्या पुतळ्यात कसं मावेल? नेता मावतो, रांगेत तिसरी बसलेली बाई मावत नाही. तिचं काय झालं, ती घरून काय सांगून आली होती, तिच्या शेजारचा पोलीस कुठे बघत होता, हे सांगायला दुसरी भाषा लागते: चार-पाच माणसांचा समूह, एखादं लांबलचक चित्र, एखादं उठावशिल्प. ती भाषा आपण सार्वजनिक कामांसाठी वापरतच नाही. परिणाम असा की शहराला आपली सर्वांत मोठी गोष्ट फक्त भाषणातून आणि फ्लेक्सवरून सांगता येते.

घाटाच्या चित्रांविषयीही थोडं बोललं पाहिजे, कारण तो आमचा लाडका विषय आहे. शिवाजी तुपे यांनी जलरंगात नाशिक जसं पाहिलं त्याला तोड नाही, आणि त्यांच्या हाताखालून किंवा त्यांना पाहून शिकलेल्यांची मोठी परंपरा इथे आहे. ओल्या कागदावर रंग सोडून पहाटेचं धुकं आणणं सोपं नसतं. पण पुढच्या पिढ्यांनी त्यातलं धुकं घेतलं आणि नजर सोडून दिली. ज्या घाटावर एकीकडे दशक्रियेचे पिंड ठेवलेले असतात, कावळ्याची वाट पाहत नातेवाईक एकमेकांच्या नजरा चुकवत उभे असतात, दहा पावलांवर भाजी विकली जाते आणि पलीकडे कुणी सेल्फी काढत असतं, त्या घाटावर जाऊन चित्रकार प्रतिबिंब घेऊन परत येतो. हे कौशल्याचं नव्हे, धाडसाचं दिवाळं आहे.

‘नाशिककरांना शिल्प वाचता येत नाही’ असं जे म्हणतात त्यांच्याशीही माझं जमत नाही. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं शहर एकच प्रश्न विचारतं: दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं? कमरेला, छातीला, गळ्याला. आकडा क्युसेकमध्ये टीव्हीवर दिसत असतो, पण विश्वास बसतो तो मारुतीवर. एका मूर्तीच्या अंगाखांद्यावरून पूर वाचणारं दुसरं शहर मला ठाऊक नाही. आणि गणपतीतले देखावे? मागे रंगवलेला पडदा, पुढे माणसाएवढ्या मूर्ती, कधी मान हलवणाऱ्या, कधी तलवार उगारणाऱ्या. म्हणजे चित्र आणि शिल्प यांनी मिळून सांगितलेली गोष्टच ती. भद्रकालीत, पंचवटीत लोक पोराबाळांना खांद्यावर घेऊन तासन्‌तास रांगेत उभे राहतात ते कशासाठी? तेव्हा ‘कथनात्मक कला लोकांना कळत नाही’ हे वाक्य कोणी माझ्यापुढे टाकू नये. देखाव्यात खोट आहे ती शेवटी. दिवे मंद होतात आणि स्पीकरवरून आवाज येतो: ‘तर भाविकहो, या प्रसंगातून आपण काय शिकलो...’ दालनातलं शिल्प तो आवाज बंद करतं. तेवढा एक फरक सोडला तर रांगेतल्या माणसात आणि दालनातल्या माणसात मला काही अंतर दिसत नाही.

हा देखाव्याचा मार्ग वरवरचा वाटत असेल तर थोडं मागे जाऊ. पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध शिलालेख आहे. इतिहासाच्या पुस्तकात सातवाहनांच्या प्रकरणात त्याचा उल्लेख असतोच, म्हणून लोक तिथे जाऊन लेखाचा फोटो काढतात. त्यांची पावलं आधी दारातून जातात आणि नजर दारावरून घसरते. त्या दाराच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर एकाखाली एक चौकटी कोरल्या आहेत आणि बहुतेक चौकटींत दोन पुरुष आणि एक बाई. कुठलीतरी गोष्ट चालू आहे. १८८३ च्या नाशिक गॅझेटिअरमध्येही तिचं वर्णन एवढंच येतं, की ही कुठल्याशा कथेची टप्प्याटप्प्यानं दाखवलेली दृश्यं आहेत आणि शेवटी एक पुरुष बाईला घेऊन जातोसं दिसतं. गोष्ट कुणाची, नाव काय, हरवलं. तरीही पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत आपली मान खाली-वर होते, तिघांच्या देहबोलीतून संशय घेत आपण पुढे जातो. बाहेर ओट्याखाली धिप्पाड गण अर्धे जमिनीतून वर आलेत आणि सबंध लेण्याचा भार खांद्यावर घेऊन आहेत. त्यांना कुणी हार घालत नाही. जवळजवळ दोन हजार वर्षांपासून ते आपलं काम करताहेत आणि ते काम काय आहे हे लहान पोरालाही कळतं.

‘गोष्ट सांगणारं चित्र म्हणजे साहित्याची चाकरी’ हा जो जुना आक्षेप आहे, त्याला मी या दाराशी उभं करीन. आक्षेप असा: चित्रात बाप-लेक-लग्न आलं की चित्र गोष्टीचं चित्रण होऊन बसतं, मासिकात कथेसोबत छापतात तसं, रंग-रेषा-आकार यांचं स्वतःचं बोलणं दबतं. महाराष्ट्रात हे मत नुसतं मत राहिलं नाही, अभ्यासक्रमाच्या हवेत मिसळलं. गायतोंडे, कोलते यांच्यासारख्या मोठ्या चित्रकारांनी अमूर्ताची, म्हणजे ओळखीचे आकार नसलेल्या चित्राची, वाट खणून काढली ती त्यांच्या आतल्या गरजेतून. मागून आलेल्यांपैकी अनेकांनी ती डांबरी रस्ता समजून गाडी घातली. मग ज्याच्या चित्रात माणूस दिसतो तो मागास, ज्याच्या शिल्पात कपड्याची चुणी दिसते तो मूर्तीवाला. पण तिसऱ्या लेण्याच्या दारातली कथा आज कुणालाच ठाऊक नाही. साहित्य मेलं, चाकर जिवंत आहे. म्हणजे तो कधी चाकर नव्हताच.

आणि हा वाद देशात कधीच सुटलाय. १९८१ मध्ये भूपेन खख्खर, गुलाम मोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधरी आणि सुधीर पटवर्धन या सहा जणांनी मुंबई-दिल्लीत ‘प्लेस फॉर पीपल’ हे प्रदर्शन केलं. माणसाला आणि त्याच्या भोवतालाला चित्रात परत जागा द्यायची, हे त्यामागचं उघड म्हणणं होतं. यांतले पटवर्धन ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून अनेक वर्षं काम करत होते. इराणी हॉटेलात बसलेला, लोकलमध्ये उभा असलेला कामगार त्यांनी ज्या आदरानं रंगवला, त्यात कुठेही कणव नाही आणि घोषणा नाही. शिल्पातलं उदाहरण हवं असेल तर शांतिनिकेतनचं घ्या. रामकिंकर बैज यांनी १९३८ मध्ये सिमेंट आणि तांबूस खडी वापरून उघड्यावर एक संथाळ कुटुंब उभं केलं: बाप, आई, पोरं, कावडीत संसार, सोबत कुत्रं, सगळे कुठेतरी निघालेले. त्याच आवारात हिंदी भवनाच्या भिंतीवर बिनोदबिहारी मुखर्जींनी १९४६-४७ मध्ये मध्ययुगीन संतांचं भित्तिचित्र केलं. त्यात संतांइतकीच वाट चालणारी, कामं करणारी साधी माणसं आहेत. एक शिल्प, एक चित्र, एकाच आवारात. ‘हे कोण’ असं तिथे कुणी विचारत नसावं. ‘कुठे निघालेत’ असंच विचारत असावेत.

चित्र आणि शिल्प हे वेगळे कप्पे मुळात आपले आहेत का, याचीही मला शंका आहे. अजिंठ्याला बुद्धाला मोहात पाडू पाहणाऱ्या माराचा हल्ला पहिल्या लेण्यात रंगात आहे आणि सव्विसाव्यात दगडात; दोन्ही पाहणारा भिक्खू हा चित्रकला विभाग आणि हा शिल्पकला विभाग असं म्हणत फिरला नसेल. पेठ-सुरगाण्याकडे बोहाडा होतो. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मुखवटे, त्यावर भडक रंग, रात्री संबळाच्या ठेक्यावर एकेक सोंग नाचत येतं. तो मुखवटा शिल्प की चित्र? गणपतीच्या कारखान्यात साचा काढणारा वेगळा असेल, पण डोळ्यांची आखणी करणारा आला की बाकीचे बाजूला सरकतात, कारण माती त्याच्या ब्रशनं बघायला लागते. कप्पे पाडले ते कलाशाळांनी: इकडे रेखा व रंगकला, तिकडे शिल्पकला व प्रतिमानबंध, मध्ये व्हरांडा. याच मातीतल्या एका माणसानं तो व्हरांडा ओलांडला होता. त्र्यंबकेश्वरात १८७० मध्ये जन्मलेले फाळके आधी जे.जे.त आणि मग बडोद्याच्या कलाभवनात चित्र, मोल्डिंग, फोटोग्राफी असं सगळं शिकले, रविवर्म्याच्या छापखान्याशी जोडले गेले, आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ घेऊन आले. गोष्ट सांगण्याची जबाबदारी नंतर सिनेमानं उचलली ती उचललीच. चित्र-शिल्पवाल्यांना ‘बरं झालं, सुटलो’ असं वाटलं असावं.

प्रदर्शनात सगळं जमलं होतं असंही नाही. एका भिंतीवर एसटी स्टँडवर गाठोडं घेऊन बसलेल्या म्हातारीचं चित्र होतं आणि नेमकं त्याच्यासमोर गाठोडं घेऊन बसलेल्या म्हातारीचं शिल्प. तशीच बैठक, तसाच हात कपाळाला. झालं, दोन्हीची माती झाली. चित्र शिल्पाची जाहिरात वाटायला लागलं आणि शिल्प चित्राचा नमुना. चित्राशेजारी शिल्प ठेवायचं तर दोघांत थोडी फारकत हवी. लॉन्सच्या चित्राला वाढप्याची गरज होती कारण तो त्यात नव्हता. म्हातारीला म्हातारीची नव्हती. मांडणी करणाऱ्यानं विषय जुळवले, ताण जुळवला नाही.

दुसरी गोष्ट जास्त खटकली. भिंतीवर लावलेला सगळा मजकूर इंग्रजीत होता, आणि इंग्रजीही अशी की वाचून चित्राची भीती वाटावी. नाशिकमध्ये, मराठी बोलणाऱ्या दोन कलावंतांचं, मराठी माणसांच्या लग्नाबद्दलचं प्रदर्शन! मला विचाराल तर लांबलचक मजकूर मराठीतही नको. शीर्षक, माध्यम, साल एवढं पुरे. त्याऐवजी दालनातल्या त्या पोराला चार दिवस शिल्पकाराबरोबर बसवलं असतं, तर ‘मग पुतळा कशाला केला’ या प्रश्नावर तो नुसता हसला नसता. पाच मिनिटांचं बोलणं झालं असतं, आणि ते बोलणं हेच प्रदर्शनाचं निम्मं काम.

आता पैशाचं. शिल्पकाराची अडचण चित्रकारापेक्षा मोठी असते, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. कॅनव्हास गुंडाळून एसटीतून नेता येतो. शिल्पाला आधी आतला सांगाडा, मग माती, मग साचा, मग फायबर. आणि ब्राँझमध्ये ओतायचं ठरलं तर खर्च अनेक पटींनी वर. ठेवायला जागा, न्यायला टेम्पो, उचलायला चार माणसं. म्हणून आपले शिल्पकार पोटासाठी अर्धपुतळे करतात, गणपतीचे साचे करतात, हॉटेलांच्या दारातले बुद्धाचे चेहरे करतात. यात कमीपणा काही नाही. पण वाढपी पोराला विकत कोण घेणार? दिवाणखान्यात त्याला ठेवणारं घर विरळा. अशा कामाला एकच खरा गिऱ्हाईक असू शकतो, तो म्हणजे शहर. आणि शहर पुतळ्यांखेरीज काही विकत घेत नाही.

यावर एक जण म्हणाले, मग सिंहस्थात ‘कष्टकऱ्यांचं शिल्प’ बसवा की एखाद्या चौकात. नको, बाबांनो. मला माहीत आहे काय होईल: कुदळ, फावडं आणि खराटा घेतलेली तीन माणसं, तिघांच्याही नजरा क्षितिजाकडे, खाली कारंजं, रात्री बदलणारे रंगीत दिवे. वाढप्यालाही चौथऱ्यावर चढवलं की तोही नमस्कारच मागणार. गोष्टीचं शिल्प चौकातल्या बेटावर टाकून चालत नाही. त्याच्याभोवती माणसाला फिरता आलं पाहिजे, गाडीखाली न येता. म्हणून मागणी अगदी साधी, जवळजवळ गवंड्याच्या भाषेतली आहे. एक दालन. फरशीला शिल्पाचं वजन पेलवलं पाहिजे, दार इतकं रुंद की पेटी आडवी न करता आत जाईल, वरून येणारा उजेड, आणि मधल्या भागात खांब नकोत. ते दालन सेल आणि ग्राहक पेठांना भाड्यानं देता येणार नाही असा ठराव पहिल्याच दिवशी व्हावा. नाहीतर कलादालन नावाच्या वास्तूंत बेडशीट्स आणि लोणची कशी विकली जातात ते राज्यभर पाहिलेलं आहे. दरवर्षी थोडी चित्रं आणि थोडी शिल्पं शहरानं विकत घ्यावीत, निवड शहराबाहेरच्या जाणकारांनी करावी आणि कारणं लेखी द्यावीत. एका मध्यम पुतळ्याच्या खर्चात हे काही वर्षं सहज चालेल असा माझा अंदाज आहे, आणि तो खोडून काढायला कुणी खर्चाचे कागद पुढे केले तर आनंदच आहे.

पाहणारे कुठून आणायचे, हा प्रश्न मला फारसा छळत नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारी पोरं जिल्हाभर आहेत. त्या परीक्षेत स्मरणचित्र नावाचा पेपर वर्षानुवर्षं शिकवला गेला: भाजीबाजार, बसस्टॉप, नळावरचं भांडण, आणि त्यात माणसं काढायचीच. म्हणजे माणसांची गोष्ट चित्रात मांडायला आपण चौदाव्या वर्षी शिकतो आणि दहावीच्या वाढीव गुणांत ती जमा करून मोकळे होतो. या पोरांना परीक्षेआधी एकदा वाढप्याभोवती फिरवून आणावं. कलाशिक्षकांना वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही. अनेक शाळांत आता कलाशिक्षकच नाही, ही बाब वेगळी आणि तिच्यासाठी दुसरा लेख लागेल.

राहिली वेळ. प्रदर्शनाचं दालन सकाळी अकराला उघडायचं आणि संध्याकाळी सातला बंद. सातपूर-अंबडच्या कंपन्यांतून सुटलेला माणूस घरी जाऊन हातपाय धुवून निघेपर्यंत शटर खाली. ज्यांच्या गोष्टी भिंतीवर आहेत, त्यांना त्या बघायची सोय फक्त रविवारी, आणि रविवारी लॉन्सवर लग्नं असतात. महापालिकेनं कधी दालन बांधलंच तर ते रात्री दहापर्यंत उघडं ठेवावं, आणि सुट्टी घ्यायचीच तर सोमवारी घ्यावी.